वाचवलेले मूल आणि बुडालेली मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. उसाचा दर, विजेचा दर, कंत्राटी कामगारांचे प्रश्न हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोठे बसवायचे, आणि अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने तो विषय का मांडावा, असे संयोजकांनीही मला विचारले. वैद्यकशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु कोणताही खर्च अखेर कोणाच्या माथी बसतो, हे शोधण्याची सवय मात्र जुनी आहे. या प्रश्नात एक खर्च असा आहे की तो शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, रुग्णालयाच्या हिशेबवहीत दिसत नाही, आणि तरीही तो रोज कोणीतरी भरत असते. तो कोण भरते आणि तो न भरता आल्यास काय होते, एवढेच मला सांगायचे आहे.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाला अकाली जन्मलेले मूल म्हणतात. आपल्याकडे सातमाशी, अठमाशी म्हणण्याची रीत आहे. सातव्या महिन्याचे जगते आणि आठव्याचे जगत नाही, ही समजूत आजही ऐकू येते. ती साफ खोटी आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढतच जाते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख, म्हणजे पाचांत एकाहून अधिक, एकट्या भारतात जन्मली. आपले प्रमाण, शंभर जन्मांत सुमारे तेरा, हे जगात सर्वाधिक नाही. बांगलादेशात ते याहून अधिक आहे. पण लोकसंख्येने गुणले की संख्या आपली मोठी होते. सुखवस्तू घरांतही अकाली प्रसूती होतात आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. तथापि आईचा रक्तक्षय, कोवळ्या वयातील बाळंतपण, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, उपचारांवाचून राहिलेला जंतुसंसर्ग या गोष्टींनी धोका वाढतो, आणि त्या कोणत्या घरांत अधिक आढळतात हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

प्रथम शासनाला त्याचे श्रेय देऊ. २००३ साली पश्चिम बंगालमधील पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बालकांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. सर्वसामान्य सरकारी रुग्णालयातही एक-दीड किलो वजनाचे मूल जगवता येते, हे त्या प्रयोगाने दाखवले आणि पुढे देशभरच्या जिल्हा रुग्णालयांत असे कक्ष उभे राहिले. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती आणि आजारी अर्भकाचे उपचार सरकारी रुग्णालयात निःशुल्क केले. २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण देशात हजारी २० होते, महाराष्ट्रात ११. एके काळी दोन किलोच्या आतले मूल म्हणजे घरच्यांनी मनाची तयारी करण्याची बाब होती. आज ते मूल तीन-चार आठवडे काचेच्या पेटीत राहून आईच्या कुशीत घरी येते. ही लहानसहान प्रगती नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवडाभर या कक्षांवर लिहिले. ते योग्यच होते. पण त्या कक्षांतून जिवंत बाहेर पडलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यानंतरही कोणी विचारला नाही. मूल दगावले तर मृत्यूच्या नोंदीत येते. जे जगले पण आंधळे झाले, ज्याचे पाय ताठरले, ज्याला ऐकू येत नाही हे तिसऱ्या वर्षापर्यंत कोणाच्या ध्यानीच आले नाही, ते बालमृत्यूच्या आकड्यात यश म्हणूनच मोजले जाते.

डोळ्यांचेच उदाहरण घ्या, कारण येथे काळाचे गणित अत्यंत कठोर आहे. अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते. जन्मानंतर ती वाढ, विशेषतः प्राणवायू बेतालपणे दिला गेल्यास, भलत्या दिशेने होते आणि काही बालकांत पटल सुटून कायमचे अंधत्व येते. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो. आईला कळण्यास मार्ग नसतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या अथवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे तज्ज्ञाने तीस दिवसांच्या आत पाहिलेच पाहिजेत, आणि फारच लहान बाळांचे त्याहून आधी. दोष गंभीर आढळला तर दोन-तीन दिवसांत लेसरचा उपचार करावा लागतो. तपासणी काही मिनिटांची; ती चुकली तर पुढे जगातला कोणताही शल्यविशारद फारसे काही करू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर असे एक प्रकरण आले होते. १९९६ साली चेन्नईतील सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात जन्मलेली सव्वा किलोची मुलगी. मूल वाचले, घरी गेले. डोळे तपासा असे कोणी सांगितले नाही आणि ती आंधळी झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पाच लाख रुपये मंजूर केले होते. १ जुलै २०१५ रोजी, म्हणजे मुलीच्या जन्मानंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी, न्यायालयाने मागील व पुढील खर्च धरून सुमारे १ कोटी ८० लाख रुपये देवविले. निकालपत्रात पुढील आयुष्याचा खर्च मांडताना महागाईवाढीचाही विचार केला आहे. मी विद्यार्थ्यांना चलनवाढ शिकवत असे तेव्हा असे उदाहरण हाती नव्हते. एक तपासणी न केल्याची किंमत देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने येथे रुपयांत मांडून दाखवली आहे. अर्थात असा दावा लावून एकोणीस वर्षे लढण्याची कुवत किती आईबापांत असते, हा निराळा प्रश्न.

डोळ्यांखेरीज कान आहेत, स्नायू आहेत, बुद्धी आहे. ऐकू येत नसल्याचे पहिल्या काही महिन्यांत कळले तर श्रवणयंत्र व शिक्षणाने भाषा येऊ शकते. तीन वर्षांनी कळले तर ती संधी बरीचशी हातची जाते. मेंदूच्या पक्षाघाताचे निदान पूर्वी मूल वर्ष-दोन वर्षांचे होईपर्यंत लांबत असे. ते सहा महिन्यांच्या आतही करता येते आणि पक्के निदान होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे २०१७ पासून जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. शिवाय वयाचा एक साधा हिशेब आहे, तो आपण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले म्हणजे वाढीच्या दृष्टीने ते चार महिन्यांचेच समजायचे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. हे न समजल्याने एका घरी निष्कारण धास्ती घेतात, तर दुसऱ्या घरी ‘सातमाशी आहे, उशिराच चालेल’ म्हणून खरा दोष अंगावर काढतात.

या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास परदेशांतच झाला असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांचा मागोवा त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत घेतला. आपल्या देशात अठरा वर्षे एखादा अभ्यास चालू ठेवणे म्हणजे काय, हे विद्यापीठात दिवस काढलेल्यांना कळेल. त्यांना असे दिसले की या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत असली तरी पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा कमी होती. हातडोळ्यांचा मेळ, वाचन आणि विशेषतः गणित यांत अडचणी अधिक होत्या. आईच्या शिक्षणाचा परिणामही ठळक दिसला. म्हणजे जे मूल तपासणीत ‘ठीक’ ठरते तेदेखील शाळेत मागे पडू शकते, आणि मग गुरुजी त्याला ढ म्हणतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने रुग्णालयातून घरी गेलेल्या ८०० जोखमीच्या बालकांवर प्रयोग केला. निम्म्यांच्या आयांना घरी करायचे साधे उपक्रम शिकवले: बाळाशी बोलणे, नजर फिरवायला लावणे, पालथे घालणे, अंग हलवून घेणे. वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या वयाला त्या मुलांचा मानसिक व शारीरिक विकास उरलेल्यांपेक्षा सरस होता. यंत्रसामग्री फारशी नव्हती. लागला तो आईचा वेळ.

माझ्या विषयाचे मूळ या शब्दात आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९च्या सुमारास काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एद्गार रेय यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे शास्त्राने उचलून धरली. हरियाणातील खेड्यांत आठ हजारांवर कमी वजनाच्या बालकांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, घरी अशी ऊब दिल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू तीस टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की रोज आठ ते चोवीस तास बाळाला असे ठेवावे. औषध फुकट, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आठ तास म्हणजे कामाचा एक पुरा दिवस! जी बाई दिवसभराच्या मजुरीवर चूल पेटवते तिचे आठ तास फुकट आहेत असे केवळ तीच व्यवस्था मानू शकते, जिने बाईच्या श्रमाची किंमत कधी मांडलेलीच नाही.

कागदावर आपली यंत्रणा वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, तेव्हा तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि दोष आढळल्यास पुढील उपचार, असा त्याचा व्याप आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असते. सरकारी मराठीचे हे नाव ऐकून पोलिसांची तुकडी डोळ्यांपुढे येते; ते असो. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक ही सारी मंडळी एका छपराखाली असावीत ही कल्पना उत्तम आहे. घरभेटींची व्यवस्थाही आहे आणि तिचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. त्या अनुभवावर केंद्र शासनाने २०११ साली देशभर आशांमार्फत घरभेटी सुरू केल्या. दवाखान्यातील बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. आशेला सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. भागाकार करा, भेटीला बेचाळीस रुपयेदेखील पडत नाहीत. नवजात कक्षातून घरी आलेल्या बाळाला पुढे दर तिमाहीस भेट द्यायची, तिचे पन्नास. त्या भेटीत तिने बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचा, दूध बोंडल्याने जाते की नाही पाहायचे, आणि ज्या लक्षणांवर डॉक्टरांचीही नजर चुकते ती ओळखायची. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला तेव्हा अनेक सुशिक्षितांना तो अवाजवी वाटला होता. त्यांनी हा भागाकार केलेला नसावा.

मग अडते कोठे? मला तीन ठिकाणी अडताना दिसते. पहिले म्हणजे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. मूल माहेरच्या जिल्ह्यातील कक्षात वाचते, कार्डावर पत्ता कधी बापाचा तर कधी नवऱ्याचा लिहिला जातो, आणि दोन-तीन महिन्यांनी बाळंतीण सासरी जाते. माहेरच्या आशेच्या वहीतून नाव कमी होते, सासरच्या आशेच्या वहीत ते चढतेच असे नाही. या बाळाला सर्वांत जास्त लक्षाची गरज नेमकी त्याच महिन्यांत असते. हा दोष कोणा माणसाचा नाही; आपली कुटुंबाची रीत आणि आपली नोंदवही यांची एकमेकींशी गाठच घातलेली नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे अंतर. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. केंद्र जिल्ह्याला, बाळ तालुक्याच्या टोकाला. भौतिकोपचार म्हणजे एकदा घेऊन संपणारी गोळी नव्हे. आठवड्याला, पंधरवड्याला जावे लागते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले आणि तान्ह्या बाळाला तिकीट नसतेच, म्हणून प्रवासाचा प्रश्न सुटला असे एका अधिकाऱ्याने मला ऐकवले. त्यांचा हिशेब अपुरा आहे. भाडे हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग बुडालेल्या दिवसाचा. आईबरोबर कोणीतरी लागते, म्हणजे दिवस दोन माणसांचा बुडतो. घरी थोरले मूल असते, त्याला शेजारणीवर सोपवावे लागते. आणि इतके करून पोहोचल्यावर कळते की आज भौतिकोपचारतज्ज्ञ रजेवर आहेत किंवा ती जागाच रिकामी आहे. त्या जागा कंत्राटी आहेत. वर्षावर्षाच्या करारावर नेमलेल्या माणसाने पाच वर्षे एकाच बाळाचा माग ठेवावा, अशी अपेक्षा आपण करतो.

तिसरे ठिकाण मला सर्वांत अस्वस्थ करते. मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात मला ऊसतोड करणारी एक बाई भेटली. कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते आणि त्यावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख दोनदा अधोरेखित केलेली होती. ती तारीख उलटून पाच आठवडे झाले होते. त्या काळात ती पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर कोपीत राहत होती. नवराबायको मिळून एक कोयता; उचल आधीच घेतलेली; एक दिवस न आल्यास मुकादम खाडा लावणार, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जाणारच, वर दंड. डोळे सुदैवाने निर्दोष निघाले. पाय मात्र ताठ होत चालले होते. तेथल्या मुलीने, फार जिव्हाळ्याने काम करणारी मुलगी होती, व्यायाम करून दाखवले आणि दर आठवड्याला यायला सांगितले. बाई हसली आणि म्हणाली, “दर आठवड्याला? मग कोयता कोण धरणार?”

या बाईला आपण निष्काळजी म्हणायचे काय? कार्यालयीन कागदपत्रांत अशा बाळांपुढे ‘पाठपुराव्यास आले नाहीत’ अशी नोंद होते. वाक्याचा कर्ता पाहा. येण्याची जबाबदारी बाळावर आणि आईवर. न आल्याचा दोषही त्यांचाच. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, शासनाने बाळ वाचवण्याचा खर्च आपल्याकडे घेतला आणि ते धडपणे वाढवण्याचा खर्च, म्हणजे वेळ, प्रवास आणि बुडालेली मजुरी, आईच्या अंगावर टाकला. ज्या घरात रजा पगारी असते तेथे हा खर्च निभतो. ज्या घरात कामाचा दिवस गेला की दाणा गेला, तेथे तो निभत नाही. म्हणून एकाच कक्षातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन बाळांची वाट दरवाज्यापाशीच फुटते, आणि त्याचे कारण त्यांच्या मेंदूत नसते.

यावर उपाय नवा शोधावयाचा नाही. मेळघाटासारख्या आदिवासी भागांत नवसंजीवनी योजनेखाली, आजारी बालकाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या आईला पैसे देण्याची तरतूद आहे. तिचे नावच ‘बुडीत मजुरी’ असे आहे. किती नेमका शब्द! आईचा दिवस बुडतो आणि तो भरून देणे शासनाचे काम आहे, हे तत्त्व त्या शब्दात एकदा मान्य झालेले आहे. तसेच २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने काम पाच किलोमीटरच्या पलीकडे दिल्यास दहा टक्के जादा मजुरी देण्याचे बंधन घातले होते. म्हणजे अंतराची किंमत मजुराने नव्हे, शासनाने सोसायची. ही दोन्ही तत्त्वे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला लावा, एवढीच मागणी आहे. नवजात कक्षातून घरी आलेल्या प्रत्येक बाळाच्या प्रत्येक ठरलेल्या तपासणीस आईला आणि सोबतच्या एका माणसाला किमान वेतनाच्या दराने बुडीत मजुरी मिळाली पाहिजे, ती आदिवासी तालुक्यांपुरती नव्हे, सर्वत्र. आणि जेथे शक्य आहे तेथे बाळाने केंद्राकडे न जाता केंद्राने बाळाकडे यावे. कर्नाटकात २००८ पासून बंगळूरच्या एका नेत्ररुग्णालयाच्या उपक्रमातून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन तालुक्यांच्या नवजात कक्षांत जातात, बाळांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतात आणि दूरचा तज्ज्ञ ती पाहून निदान सांगतो. डोळ्यांचा कॅमेरा फिरू शकतो, तर आठवड्यातून एक दिवस भौतिकोपचारतज्ज्ञ उपजिल्हा रुग्णालयात का बसू नये? साखर कारखान्याच्या तळावर का येऊ नये?

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आता येईल. त्याला एक तयार उत्तर आहे आणि मी ते मुद्दाम देत नाही. आजकाल बालकांवरील खर्चाचे समर्थन ‘गुंतवणूक’ म्हणून करण्याची पद्धत पडली आहे. आज एक रुपया घाला, उद्या इतके रुपये परत येतील. माझ्याच शास्त्राची ही भाषा आहे आणि अंदाजपत्रकाच्या वेळी ती उपयोगी पडते हेही मला ठाऊक आहे. पण तिचा शेवट कोठे होतो ते पाहा. अमेरिकेत १९८५ साली आठ ठिकाणी अकाली व कमी वजनाने जन्मलेल्या ९८५ बालकांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना नुसती वैद्यकीय देखरेख. काहींना शिवाय घरभेटी, पहिल्या वर्षानंतर बालविकास केंद्र आणि पालकांच्या सभा, तिसऱ्या वर्षापर्यंत. १९९० साली निष्कर्ष आले. मदत मिळालेल्यांत दोन किलोच्या वरची जी बालके होती त्यांचा बुद्ध्यंक तिसऱ्या वर्षी सुमारे तेरा गुणांनी जास्त निघाला. दोन किलोच्या आतल्यांचा साडेसहाच्या आसपास. पुढे आठव्या वर्षी पाहिले तेव्हा थोराड गटात थोडा लाभ टिकला होता, लहानग्यांच्या गटात तो उरला नव्हता. परताव्याच्या हिशेबाने याचा अर्थ काय होईल? दोन किलोच्या आतल्यांवर पैसे घालणे ‘किफायतशीर’ नाही. जो हिशेब सर्वांत दुबळ्याला प्रथम गाळतो तो आपण का स्वीकारावा? मला त्या निष्कर्षांतून वेगळेच दिसते: तिसऱ्या वर्षी मदत थांबली, आणि ज्यांना ती जास्त काळ हवी होती त्यांच्यापासून ती आधी निसटली. ज्या मुलाला कधीच मजुरी करता येणार नाही त्यालाही आपल्या हाताने घास घेता यावा, आईने कडेवरून उतरवल्यावर बसता यावे, यासाठी खर्च करायचा असतो. त्याचा परतावा विचारणे असभ्यपणाचे आहे.

कायद्याचे पाठबळही पुरेसे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या पंचविसाव्या कलमानुसार जोखमीची बालके शोधण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावयाची आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानेदेखील अकाली प्रसूतीमुळे आजारी पडलेल्या स्त्रीला एक महिन्याची जादा पगारी रजा दिली होती. पण आजार आईचा असावा लागे. बाळासाठी म्हणून ती रजा नव्हती, आणि शेतमजूर बाईच्या दारापर्यंत तो कायदा कधी पोहोचलाच नाही. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून एप्रिल २०२५ पासून, नवजात बाळ रुग्णालयात असल्यास आईबापांना बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा दिली. आपल्याकडे मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात. मूल पुऱ्या दिवसांचे असो की अठ्ठावीस आठवड्यांचे, रक्कम तीच.

आपण काय करायचे ते आता सांगतो, कारण नुसत्या ठरावाने यातले काही हलणार नाही. प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज द्यावा. गेल्या वर्षी नवजात कक्षातून किती बाळे घरी गेली; त्यांतील दोन किलोच्या आतली किती; तीस दिवसांच्या आत डोळे किती जणांचे तपासले गेले; वर्षअखेरपर्यंत किती जण परत आले; शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कोणते पद किती महिने रिकामे होते. याखेरीज माहेर-सासरच्या आशांनी एकमेकींना नाव कळवण्याची काही पद्धत आहे काय, असल्यास गेल्या वर्षी किती नावे कळवली, हेही विचारावे. आशांच्या संघटनेशी आधी बोलून घ्यावे. हा अर्ज त्यांच्याविरुद्ध आहे असा समज होऊ देऊ नये. बीड, जालना, अहिल्यानगर येथील मंडळींनी अर्ज दिवाळीपूर्वीच द्यावेत, कारण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि दिवाळीनंतर गावे रिकामी होतात. अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. त्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत.